फॉरवर्ड पुढे, फेडरेशन ऑफसाइड

"मनीषा कल्याण माहीत आहे का?" आम्ही विचारलं.

"कल्याण पूर्व की पश्चिम?" काका म्हणाले.

काकांना बोल लावण्यात अर्थ नाही. काका फुटबॉलचे कट्टर आहेत. रविवारी सकाळी दूध आणायला जातात तेसुद्धा अर्जेंटिनाचा निळा-पांढरा टी-शर्ट घालून. एम्बापेचं पॅरिसशी कशावरून बिनसलं, हालांडची ताकद कशात आहे, यावर ते लिफ्ट बंद असली तर चौथ्या मजल्यापर्यंत बोलू शकतात. पण भारतातली एक मुलगी युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, ब्राझीलला ब्राझीलमध्ये जाऊन गोल मारून आली, सायप्रस झालं, ग्रीस झालं, पेरूच्या क्लबात गेली, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला ती बाई खरोखरच कल्याणहून फास्ट पकडून दादरला उतरायला हवी होती.

तर समस्त काकांसाठी थोडक्यात ओळखपत्र. जन्म २००१. गाव मुग्गोवाल, जिल्हा होशियारपूर, पंजाब. शाळेत असताना धावायची. वेग पाहून क्रीडाशिक्षकांनी फुटबॉलकडे वळवलं. मग केरळचा गोकुळम क्लब, भारताचा संघ, आणि ऑगस्ट २०२२ पासून परदेश. आधी सायप्रसमधल्या लिमासोलचा अपोलोन, मग २०२४ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीचा पाओक, मग २०२५ मध्ये पेरूच्या राजधानीतला अलियान्झा लिमा. मधल्या काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची वर्षातली सर्वोत्तम महिला खेळाडू, तीही लागोपाठ दोनदा. हे सगळं पंचविशीच्या आत. ह्या वयात आमच्याकडे पोरं 'नेमकं काय करायचंय ते शोधतोय' असं सांगत असतात आणि आईवडील त्यांना शोधायला पैसे देत असतात.

आता नकाशा काढा. होशियारपूर, कोळिकोड, लिमासोल, थेसालोनिकी, लिमा. कारकिर्दीची प्रत्येक पायरी घरापासून आणखी लांब. भारतीय महिला फुटबॉलमध्ये बढती मिळाली हे कळतं ते विमानाच्या तिकिटावरून. दिल्लीत बसून हे सगळं पाहणाऱ्या मंडळींना याचा अभिमान वाटतो. पोरगी इतकी लांब का गेली, हा प्रश्न मात्र सभेच्या विषयपत्रिकेवर येत नसावा. 'आयत्या वेळच्या विषयां'तसुद्धा नाही.

*

ब्राझीलची गोष्ट आधी, कारण ती गोड आहे आणि लवकर संपते.

नोव्हेंबर २०२१. ॲमेझॉनच्या जंगलातलं मानाउस शहर. भारताचा वरिष्ठ संघ, पुरुषांचा असो की महिलांचा, ब्राझीलशी पहिल्यांदाच भिडत होता. शिवाय तो फॉर्मिगाचा निरोपाचा सामना. फॉर्मिगा म्हणजे सात विश्वचषक खेळलेली बाई. तिचा पहिला विश्वचषक १९९५ चा, तेव्हा आपली मनीषा जन्माला यायची होती. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलने गोल मारला. प्रेक्षागृहात लोक अजून जागा शोधत असतील. आणि आठव्या मिनिटाला मनीषाने बरोबरी केली. १-१.

पुढे ६-१ झालं. ते होणारच होतं. पण ब्राझीलविरुद्ध भारताच्या खात्यावर एक गोल आहे आणि तो एका वीस वर्षांच्याही न झालेल्या मुलीचा आहे. आमच्या पुरुष संघाने ब्राझीलला एक गोल मारला असता तर आतापर्यंत त्यावर दोन वेब सिरीज, एक बायोपिक आणि प्रशिक्षकाचं 'नेतृत्वाचे अकरा मंत्र' हे पुस्तक आलं असतं. मनीषाच्या गोलावर काय आलं? समाजमाध्यमांवर एक चित्रफीत. तीही मोबाइल आडवा धरून पाहावी लागते.

*

आता नवी मुंबई. इथे जरा थांबू या, कारण हे आपलं अंगण आहे.

२०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई चषक स्पर्धा भारतात होती. म्हणजे महाराष्ट्रातच: अंधेरी, बालेवाडी आणि नेरुळचं डी. वाय. पाटील मैदान. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश मिळाला होता. तयारीसाठी संघाला वर्षभर स्वीडनपासून ब्राझीलपर्यंत फिरवून आणलं होतं. आपल्या महासंघाने महिलांवर एवढा खर्च केल्याचं पाहून जुन्याजाणत्यांना भरून आलं होतं. नॉकआउटपर्यंत गेलो तर विश्वचषकाचं दार किलकिलं होणार होतं.

पहिला सामना इराणशी. ०-०. भारताने संधी घालवल्या, चडफडाट झाला, ठीक आहे. दुसरा सामना २३ जानेवारीला तैवानशी, आणि त्या दिवशी खेळायला तेरा निरोगी मुली मिळेनात. जैवसुरक्षित कवच म्हणून जे काही उभारलं होतं, त्यातून करोना अलगद आत आला होता. फटका मात्र यजमानांनाच बसला. नियमाप्रमाणे भारत स्पर्धेतून 'माघार घेतलेला' ठरला, आणि इराणबरोबरची ती ०-० सुद्धा नोंदीतून पुसून टाकली. म्हणजे आपण स्पर्धा भरवली, मंडप घातला, आहेर घेतला आणि आपलंच ताट वाढायचं राहिलं. अंतिम सामनाही नेरुळलाच झाला. चीनने कोरियाला ३-२ हरवलं. छान झाला म्हणतात.

पुढची गंमत अशी की त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीतच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उचलला. देश रडला, नाचला, रात्रभर जागला. आम्हीही. क्रिकेट मंडळाने ५१ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. एकच मैदान, दोन्ही निळे संघ, दोन्ही मुलींचे. एका संघाच्या विजयाची आठवण तिथल्या गवताच्या पात्याला आहे. दुसऱ्या संघाचा तिथला सामना झालाच नाही असं कागदोपत्री लिहिलेलं आहे.

तुलना करू नये, असं लगेच कोणीतरी म्हणेल. क्रिकेटला प्रेक्षक आहेत, प्रायोजक आहेत. मान्य. पण वीस वर्षांपूर्वी महिला क्रिकेटला तरी कुठे होते? मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून किट घेऊन सामन्याला जायच्या. पैसा आला, सामने वाढले, सामने टीव्हीवर दिसले, मग प्रेक्षक आले. आपल्याकडे मात्र क्रम उलटा सांगायची पद्धत आहे: आधी तुम्ही जिंका, मग आम्ही बघतो, आम्ही बघितलं तर पैसे येतील, पैसे आले तर तुम्हाला बूट.

*

आता ऑगस्ट २०२२. हा महिना भारतीय फुटबॉलच्या इतिहासात लॅमिनेट करून ठेवावा असा आहे. पात्रं नीट लक्षात ठेवा, कारण सगळे एकाच वेळी रंगमंचावर येतात.

पहिलं पात्र आपल्या विदर्भातलं. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल हे महासंघाचे अध्यक्ष. त्यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. पण मुदत संपली म्हणून खुर्ची सोडायची असते, ही कल्पना महाराष्ट्रात फारशी रुजलेली नाही. साखर कारखाना घ्या, जिल्हा बँक घ्या, आमच्या सोसायटीची कमिटी घ्या. घटनेचा वाद कोर्टात आहे, निवडणूक कशी घेणार, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. सोसायटीचे चेअरमन गेली कित्येक वर्षं हेच सांगतात आणि पार्किंगची उत्तम जागा त्यांचीच आहे. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदाधिकाऱ्यांना घरी बसवलं आणि कारभार तीन प्रशासकांच्या समितीकडे दिला.

दुसरं पात्र फिफा. झुरिचहून फिफा म्हणाली, हा तर तिसऱ्याच पक्षाचा हस्तक्षेप! आणि १५ ऑगस्टला भारताला निलंबित केलं. तारीख पुन्हा वाचा. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचा दिवस. घरोघरी तिरंगा. आणि भारताच्या नावाने कोणत्याही आंतरराष्ट्रीय मैदानावर फुटबॉल खेळायला बंदी. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, तोही हवेत लटकला.

तिसरं पात्र गोकुळम केरला. मनीषाचा जुना क्लब, त्या वर्षीचा राष्ट्रीय लीग विजेता. आशियाई क्लब स्पर्धेसाठी मुली विमानात बसल्या आणि उझबेकिस्तानात ताश्कंदला उतरल्या. उतरल्यावर कळलं, तुम्हाला खेळता येणार नाही. कशासाठी? तर दिल्लीतल्या खुर्चीच्या वादासाठी. क्लबने थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. क्रीडा मंत्रालयाने फिफाला आणि आशियाई महासंघाला विनवलं. काही झालं नाही. मुली न खेळता परत आल्या. पासपोर्टवर शिक्का बसला, तोच काय तो स्कोअर.

चौथं पात्र आपली मनीषा. बंदी लागली १५ तारखेला. १८ तारखेला सायप्रसमध्ये एंगोमीच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत अपोलोन विरुद्ध लॅटव्हियाचा रिगा हा सामना होता. तासाभराच्या खेळानंतर अपोलोनने बदली खेळाडू उतरवली: मनीषा कल्याण, वय वीस. महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय. अपोलोन ३-० ने जिंकला.

म्हणजे ज्या आठवड्यात भारतीय फुटबॉल अधिकृतपणे अस्तित्वात नव्हतं, त्याच आठवड्यात एक भारतीय मुलगी युरोपच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत धावत होती. तिला ते कसं जमलं? सोपं आहे. ती आपल्या महासंघाच्या अंमलाखालून सटकली होती. गोकुळममध्येच राहिली असती तर त्या दिवशी ताश्कंदच्या हॉटेलात सामान बांधत बसली असती. सायप्रसची लोकसंख्या आमच्या पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी आहे. पण तिथला क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये गेला म्हणजे जातो. मध्येच त्यांच्या अध्यक्षाची मुदत आडवी येत नाही.

शेवट गोड. न्यायालयाने प्रशासक समिती गुंडाळली, फिफाने २६ ऑगस्टला बंदी उठवली, आणि २ सप्टेंबरला नवी निवडणूक झाली. उमेदवार दोन. एक बायचुंग भुतिया, भारताचा गाजलेला फॉरवर्ड. दुसरे कल्याण चौबे, पूर्वाश्रमीचे गोलकीपर आणि हल्लीचे भाजपचे नेते. निकाल: गोलकीपरने फॉरवर्डला ३३-१ असं हरवलं. भारतीय फुटबॉलमध्ये असा एकतर्फी निकाल मैदानावर क्वचितच लागतो. त्यासाठी बंद खोली आणि मतपेटी लागते.

*

"पण पैसे तरी बरे मिळत असतील ना?" काकांनी विचारलं.

२०२३ मध्ये महासंघाने मोठ्या अभिमानाने एक घोषणा केली. राष्ट्रीय महिला लीगमधल्या वरच्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपये द्यायचे. महिन्याला साधारण सव्वीस-सत्तावीस हजार. हे पहिल्यांदाच बंधनकारक झालं, म्हणून कौतुक. तोवर किती मिळत होते, ह्याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर बांधावा.

त्याच वर्षी महिला क्रिकेट लीगच्या पहिल्या लिलावात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त यांची तुलना अन्यायकारक आहे, हे आम्हाला कळतं. पण भागाकार कोणी थांबवला? शंभराहून जास्त येतं उत्तर. स्मृतीला मिळाले ते योग्यच मिळाले, आणखी मिळोत. प्रश्न त्या भागाकाराच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मुलीचा आहे. तिने बूट घ्यावेत, प्रोटीन घ्यावं, गुडघ्याचा एमआरआय काढावा की घरी पैसे पाठवावेत? म्हणून मग मणिपूरच्या मुली पोलिसांत जातात, बाकीच्या रेल्वेत. भारताची सर्वांत नावाजलेली गोल मारणारी बाला देवी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सकडून खेळायला गेली, परदेशात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली, तीसुद्धा मणिपूर पोलिस दलातली. आपल्याकडे फॉरवर्डला बचावफळी लागते, आणि ती सरकारी नोकरीची असते.

पोलिस आले म्हणून आठवलं. मार्च २०२४, गोवा. दुसऱ्या श्रेणीच्या महिला लीगसाठी हिमाचलचा एक क्लब गोव्यात उतरलेला. रात्री जेवण संपलेलं होतं, म्हणून दोन खेळाडू खोलीत अंडी करून खात होत्या. त्यावरून क्लबच्या मालकाने खोलीत येऊन मारहाण केली, अशी तक्रार त्या दोघींनी केली. गोवा पोलिसांनी मालकाला अटक केली. हे गृहस्थ महासंघाच्या कार्यकारिणीचेही सदस्य होते; मग महासंघाने त्यांना निलंबित केलं. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. आमचा प्रश्न कोर्टाच्या कक्षेबाहेरचा आहे: राष्ट्रीय स्पर्धा खेळायला आलेल्या मुलींना रात्री भुकेपोटी स्वतःच अंडी का करावी लागतात? हालांडच्या आहारावर बोलणारे काका इथे पहिल्यांदाच गप्प झाले.

*

आता थोडा महाराष्ट्र. आपण म्हणजे पुरोगामी, आपण म्हणजे जिजाऊ-सावित्रीची लेकरं.

जिजाऊंचं नाव आलंच आहे तर सांगतो. राज्याराज्यांत होणाऱ्या राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेच्या करंडकाचं नाव आहे राजमाता जिजाबाई करंडक. ही स्पर्धा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे, आणि मणिपूरने ती वीसहून जास्त वेळा जिंकली आहे. नाव सिंदखेडराजाचं, कपाट इम्फाळचं. करंडकाच्या नावावरून एखादी अस्मितेची लढाई आपण सहज करू. करंडक आणण्यासाठीची लढाई नव्वद मिनिटांची असते, तेवढा वेळ कोणाला आहे?

तसं आपल्याकडे फुटबॉलचं वेड नाही असं कोणी म्हणू नये. कोल्हापुरात येऊन बघा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठा ओस पडतात, पोलिस बंदोबस्त लागतो. कोल्हापूरचा मुलींचा क्लबही राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आला. त्याच्या सामन्याला पेठा ओस पडल्या होत्या का, हे कोल्हापूरकरांनीच सांगावं. आमच्या माहितीप्रमाणे पेठेत त्या दिवशी तांबडा-पांढरा रस्सा नेहमीच्या वेळेला मिळत होता.

सरकारही मागे नाही. १५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्र सरकारने 'मिशन वन मिलियन' केलं: एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळायला लावणं. लावलं. शाळाशाळांत चेंडू वाटले. मंत्र्यांनी धोतर, पॅन्ट, सफारी सावरत पेनल्टी मारल्या. १६ सप्टेंबरचं मिशन काय होतं, याचा शासन निर्णय आमच्या पाहण्यात नाही.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये तर साक्षात मेस्सी. १४ तारखेला वानखेडेवर. आदल्या दिवशी कोलकात्यात लोकांनी नीट दर्शन घडलं नाही म्हणून खुर्च्या उपटल्या होत्या. आपण मुंबईकर शिस्तीचे, आपण फक्त तिकिटाचे पैसे उपटू दिले. सचिनने जर्सी दिली, सुनील छेत्री आला, फोटो झाले. फुटबॉलच्या देवाला क्रिकेटच्या मैदानावर क्रिकेटच्या देवाने भेटायचं, ह्यात सध्याच्या भारतीय फुटबॉलचं सगळं वास्तुशास्त्र आलं. पण त्याच कार्यक्रमात राज्य सरकारच्या 'महादेवा' योजनेचाही गाजावाजा झाला: तेरा वर्षांखालच्या निवडक मुलामुलींना शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण, आणि मुली मुलग्यांइतक्याच. हे आम्हाला मनापासून आवडलं. तिरकस लिहायचं असूनही आवडलं. फक्त एक शंका राहते. त्या मुलींपैकी एखादी दहा वर्षांनी खरोखर चांगली फॉरवर्ड झाली, तर तिने खेळायचं कुठल्या लीगमध्ये? मेस्सीला विचारायला हवं होतं. त्याने लिमाचा पत्ता दिला असता, त्याच्या मायदेशाच्याच खंडात आहे ते.

*

हे सगळं ऐकून काकांना वाटलं की भारतीय महिला फुटबॉल ही कालपरवाची, कोवळी गोष्ट असावी. लागेल थोडा वेळ. नाही हो. १९८० मध्ये कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेता. त्याच वर्षी शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलमधला पहिला. तेव्हा जपानची मुलं-मुली आपल्याकडे बघून शिकत होती म्हणायला जागा आहे. त्यानंतर जपान २०११ चा विश्वचषक जिंकला, आणि भारत २००९ मध्ये फिफाच्या क्रमवारीतून चक्क गळाला. हरल्यामुळे गळाला नाही. दीड वर्षात एकही सामना खेळला नाही म्हणून गळाला. खाली जायलासुद्धा खेळावं लागतं, हे फिफाने कळवेपर्यंत आपल्याला ठाऊक नव्हतं.

राष्ट्रीय संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली बाई मिळायला २०१७ उजाडलं. ती गोव्याची मेमोल रॉकी. राष्ट्रीय लीग सुरू झाली तीही त्याच्याच आगेमागे. घरच्या-बाहेरच्या मैदानांवर रीतसर सामने व्हायला २०२३-२४ चा हंगाम लागला, संघ सात. सात संघांच्या लीगमध्ये एखादी मुलगी वर्षाला किती सामने खेळणार? बारा. वर्षाचे उरलेले महिने तिने काय करायचं? व्यायाम. वाट पाहण्याचा.

मनीषा गेली ती ह्यासाठी. पगार हे एक कारण असेलच, पण पंचविशीच्या आतल्या फॉरवर्डला आठवड्याला सामना लागतो. चुकलेली संधी पुढच्या शनिवारी दुरुस्त करायला मिळाली पाहिजे. पुढच्या जानेवारीत मिळून उपयोग नाही. गोल मारणं ही सवय आहे आणि सवयीला वेळापत्रक लागतं. लिमासोलमध्ये बाकावर बसून, शेवटची वीस मिनिटं मिळवून, आपल्याहून धिप्पाड बचावपटूंच्या कोपरांतून वाट काढून ती जे शिकली, ते इथे बारा सामन्यांच्या दुष्काळात कुठून मिळणार होतं? शिवाय ड्रेसिंग रूममध्ये आधी ग्रीक, मग स्पॅनिश. पंजाबच्या खेड्यातल्या मुलीला हे सगळं एकटीने करायचं. आमची मुलं पुण्याहून बंगळुरूला नोकरीला गेली तर आम्ही मेतकुटाचे डबे कुरिअर करतो.

*

आणि इतकं सगळं सोसून भारताच्या मुलींनी काय केलं ते पाहा.

जून-जुलै २०२५, थायलंडमधलं चियांग माई. आशियाई स्पर्धेची पात्रता फेरी. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. शेवटी यजमान थायलंड, दोन विश्वचषक खेळलेला संघ, क्रमवारीत आपल्या बराच वर. संगीता बासफोरने दोन गोल मारले आणि भारत २-१ ने जिंकला. पात्रता फेरी खेळून, स्वतःच्या हिमतीवर, आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच. मनीषाही त्या संघात होती. यजमानपदाच्या कोट्यातून नाही, कुणाची मेहेरबानी नाही, आणि ह्या वेळी हॉटेलची जबाबदारीही आपल्यावर नव्हती, हे महत्त्वाचं.

महासंघाने खूश होऊन संघाला ५०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. डॉलर! आपला महासंघ, आपल्या मुली, बक्षीस अमेरिकेच्या चलनात. रुपयांत सांगितलं तर लोक लगेच ५१ कोटींशी ताडून बघतात, त्यापेक्षा हे बरं. तेवीस खेळाडूंत वाटलं तर माणशी दोन हजार डॉलरच्या थोडं वर पडतं.

आणि पुरुष? १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर, सिंगापूरकडून १-२. आशियाई स्पर्धेचं दार बंद. त्यांची मोठी लीगही त्या वर्षी कंत्राटाच्या घोळात अडकून पडली, आणि देशात भारतीय फुटबॉलच्या अस्ताबद्दल चिंतेची लाट उसळली. अग्रलेख आले, परिसंवाद झाले. आम्ही ते सगळे लक्षपूर्वक वाचले. पात्र ठरलेल्या मुलींचा उल्लेख बहुधा दुसऱ्या भागात असेल.

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात मुलींची आशियाई स्पर्धा होती. भारताचे गटातले सामने तीन: ४ मार्चला व्हिएतनाम, ७ ला जपान, १० ला तैवान. तैवान तोच, ज्याच्याशी नेरुळला गाठ पडायची राहून गेली होती. आम्ही तारखा काकांच्या फ्रिजवर चिकटवून आलो होतो. ८ तारखेला भारताचा सामना नव्हता, पण त्या दिवशी महिला दिन होता, तेव्हा नारीशक्तीबद्दल ज्यांना जे काही वाटायचं असेल ते त्यांनी सकाळी दहाच्या आत वाटून घ्यायचं होतं. संध्याकाळी पुरुषांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाची फायनल होती.